जॅकेट सिनेमाचं, आत काकडा

मुंबईतलं रिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान 2016 सालच्या फेब्रुवारीअखेर बंद झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिलं. काळा घोड्याच्या त्या दुकानात कोण कोण येऊन गेलं, कुणी तिथे उभ्याउभ्या काय ऐकलं, सगळं छापून आलं. बार्शीतलं माझ्या मामांचं दुकानही साधारण तेव्हाच संपलं. त्याची बातमी झाली नाही, कारण शटर खाली आलंच नाही. काउंटरमागच्या फळ्यांवर गाण्यांच्या जागी मोबाईलची कव्हरं आणि चार्जर टांगले गेले, एवढंच.

मी पुण्यात राहते, जुन्या एलपी जमवते आणि गाणं हातात धरता आलं पाहिजे या मताची आहे. मामांना हे मत मुळीच मान्य नाही. डिजिटलमुळे दुकानं बुडाली म्हणून मी त्यांच्या वतीने गळा काढावा, तर तेच उलट मला झापतात. हा वाद बरेच दिवस चालू आहे. त्यातला छापण्याजोगा भाग इथे देते. मामांची बोली शक्य तेवढी तशीच ठेवली आहे. माझी बाजू मी जरा नीटनेटकी करून घेतली असेल. लिहिणाऱ्याला तेवढी मुभा असते.

मामा : आधी मला सांग, रेकॉर्डची दुकानं गेली म्हणतीस, ती होती कुठं? बार्शीत रेकॉर्डचं म्हणून वेगळं दुकान मी तरी बघितलं नाय. रेडिओवाल्याकडं नायतर घड्याळवाल्याकडं एका कपाटात थोड्या रेकॉर्डी असायच्या. घरी फोनो असलेली माणसं बोटावर मोजावी इतकी. एखादा आडत्या, एखादा डॉक्टर, एखादा वकील. त्यांच्या जिवावर दुकान चालतंय होय?

मी : मग कपाटातल्या तरी कोण घ्यायचं?

मामा : लाऊडस्पीकरवाला! लग्न, बारसं, गणपती, जत्रा, उरूस, निवडणूक, टुरिंग टॉकीजचा तंबू. कर्णा झाडाला बांधायचा, खाली बॅटरीवर मशीन, शेजारी रेकॉर्डींची पेटी. अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड लाखेची, पडली की तुकडे. एक बाजू वाजली की सुई बदलायची. त्या पेटीला तो पोरांना हात लावू द्यायचा नाय. गावातल्या माणसानं रेकॉर्ड कधी हातात धरली नाय, पण ऐकली सगळ्यांनी. तू म्हणतीस ते हातात धरायचं सुख आमच्या भागात दहा घरांचं होतं.

इथे मला गप्प बसावं लागलं. आमच्याकडे, म्हणजे पुण्या-मुंबईच्या आठवणी लिहिणाऱ्यांकडे, तबकडी ही दिवाणखान्यातली वस्तू आहे. कापडाने पुसायची, कडेला धरायची, जॅकेटवरचा मजकूर वाचत ऐकायची. बार्शीसारख्या बाजारपेठेच्या गावात तिचा मुक्काम मांडवात होता. या गावाला आगगाडीसुद्धा ग्रामोफोनच्या आधी आली: बार्शी लाइट रेल्वे 1897 ची, आणि ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग हिंदुस्थानातलं पहिलं तबकडीचं ध्वनिमुद्रण करायला कलकत्त्यात उतरला 1902 मध्ये. पण माझा मुद्दा दिवाणखान्याचा नव्हताच, नावांचा होता.

मी : ते सोडा. तबकडीवर नाव असायचं. गायक कोण, कवी कोण, संगीत कुणाचं. गाइसबर्गने गौहर जानची गाणी घेतली तेव्हा मेणावरचं ते मुद्रण छापायला जर्मनीत, हानोव्हरला जायचं. तिथल्या कारागिरांना कळावं की हे कुणाचं गाणं, म्हणून गाणं संपलं की ती स्वतः आपलं नाव सांगायची. ते आजही त्या तबकड्यांवर ऐकू येतं. एवढी काळजी! आज अॅपवर गाणं लावा. गायकाचं नाव येतं, नटाचा फोटो येतो, कवी शोधायला तीन ठिकाणी बोट लावावं लागतं.

मामा : गीतरामायण कुणी गायलं?

मी : सुधीर फडक्यांनी.

मामा : बघ. रेडिओवर लागलं तेव्हा एकटे फडके होते काय त्यात?

मी : नाही. 1955-56 ला पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गाणं व्हायचं, त्यात माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, ललिता फडके होत्या, आणखी कितीतरी.

मामा : मग रेकॉर्डीचा संच आला, त्यात सगळी गाणी फडक्यांच्या आवाजात. आता विचारलं की तुझ्यासारखी शिकलेली पोरगीसुद्धा पटकन एकच नाव घेती. नावं पुसायला अॅपच लागतंय असं नाय. रेकॉर्डनंबी पुसली. फडके थोर माणूस, गाणं त्यांचंच. पण तुझी रेकॉर्ड काय साळसूद नाय.

मामांचा हा वार वर्मी लागला. तरी तबकडीच्या बाजूने एक गोष्ट नोंदवून ठेवते. जगात तबकडी परत आली आहे. अमेरिकेत 2022 साली सुमारे 4 कोटी 10 लाख तबकड्या खपल्या आणि सीडी 3 कोटी 30 लाख. 1987 नंतर पहिल्यांदाच तबकडीने नगांच्या हिशेबात सीडीला मागे टाकलं. हे आकडे मी मामांना उत्साहाने ऐकवले. त्यांनी पुण्यात नवी एलपी केवढ्याला पडते ते विचारलं. मी दोन-तीन हजार म्हटल्यावर ते हसले आणि म्हणाले, “म्हणजे परत दहा घरं.”

मामा : आमचं दुकान निघालं कॅसेटवर. तबकडीचा धंदा काय डिजिटलनं मारला नाय, कॅसेटनं मारला, आन् आम्हीच मारला. मला त्याचं काय वाईट वाटत नाय. टी-सिरीज 83 साली आली. गुलशनकुमारनं कॅसेट पानटपरीवर ठेवली, किराणा दुकानात ठेवली. एचएमव्हीचा माल महाग, मिळायचा बी तुटक. ह्याचा माल स्वस्त, आन् पाहिजे तेवढा.

मी : आणि आवाज भलत्याचाच. लताबाईंचं गाणं म्हणून न्यायचं आणि घरी जाऊन लावलं की दुसरीच कुणी गातेय.

मामा : कायद्यात बसत होतं ते.

बसत होतं हे खरं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ठरावीक रॉयल्टी भरून जुन्या गाण्याची नव्या आवाजात आवृत्ती काढायची सोय होती. तिचा असा सर्रास वापर होईल असं कायदा करणाऱ्यांच्या मनात आलं नसावं. मामांचं म्हणणं असं की, नावाखाली बारीक अक्षरात सगळं छापलेलं असायचं, गिऱ्हाईक वाचत नसेल तर दुकानदाराने काय करावं. हा युक्तिवाद मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. पण पुढे ते जे बोलले त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मामा : तू सारखी क्लासिकल आन् भावगीतावर येतीस. माझ्या गल्ल्यात पैसा कशाचा होता सांगू? चैतात येरमाळ्याला येडाईची जत्रा. चैत पुनवेला माणसाला पाय ठेवायला जागा नाय. बार्शीवरनं जाणारा माणूस आराध्यांच्या गाण्यांची कॅसेट घेऊनच जायचा. नवरात्रात तुळजापूर. आषाढीला पंढरपूर. चौदा एप्रिलला भीमगीतं. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारी पोरं येताना दादरवरनं नवीन माल आणायची आन् मला दाखवायची, मामा हे बघा, हे मागवा. वामनदादा कर्डकांची गाणी, प्रल्हाद शिंद्यांची गाणी. प्रल्हाद शिंदे तर आपल्या जिल्ह्याचे, मंगळवेढ्याकडचे. आन् आनंद शिंद्यांचं ते पोपटाचं गाणं आलं तेव्हा मला दिवसाला दोनदा एसटी स्टँडवर पार्सल बघायला जावं लागायचं. आडतीवर माल घातला, पट्टीचे पैसे हातात आले की शेतकरी गडी सरळ दुकानात.

मी : ही माणसं तबकडीवरही होती की. प्रल्हाद शिंदे होते.

मामा : ते होते. मोठ्या कंपनीनं मोठा माणूस घेतला. त्याच्यामागं शंभर उभे होते, त्यांना कोण घेणार? कॅसेटला कारखाना लागत नाय. एक चांगली खोली, एक हार्मोनियम, ढोलकी, कोरस म्हणायला चार बाया; पुण्यात तापकीर गल्लीतनं कोऱ्या कॅसेटी आणायच्या, कॉप्या मारायच्या, झाली कंपनी. नाव काय, अमुक म्युझिक. चार वर्षं चालायची, बुडायची. पण तेवढ्यात वीस गायक होऊन जायचे. रेकॉर्डच्या जमान्यात हे आराधी, हे शाहीर, ह्यांचा आवाज ह्यांच्या गावाबाहेर गेला नसता.

मी अमर शेखांचा विषय काढला. शाहीर अमर शेख बार्शीचेच. जन्म 1916 चा. गिरणीत कामगार म्हणून राबले, इथल्या संपातून पुढे आले, मग अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभा. बार्शीचा म्हणून सांगता येईल असा एवढा मोठा आवाज दुसरा नाही. तुमच्या दुकानात त्यांचं काय मिळायचं, असं विचारलं.

मामा : मागणारे म्हातारे यायचे. गिरणीतले. माझ्याकडं त्यांचा माल कधी आला नाय. आन् रेकॉर्डचं म्हणशील तर सभेत तासतास लोक धरून ठेवणारा माणूस, तो तीन मिनिटांत कसा मावायचा? तुझी तबकडी चांगली, पण तिला माणूस कापून घालावा लागतोय.

तीन-साडेतीन मिनिटांची ती मर्यादा गाण्याने एरवीही सोसली. नाट्यपदं आटली, ख्याल चिमटीत बसवावे लागले, लांबलचक लावणीचे अंतरे गेले. काही गायकांनी त्या तेवढ्यात चमत्कार केला, हेही आहेच. बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकणाऱ्याला कापल्याची खूण सापडत नाही. मात्र शाहिराच्या, तमासगिराच्या गाण्यात शेवटचा अंतरा गळाला तर नुसते शब्द जात नाहीत. आणखी काय जातं, ते मामांनीच पुढे काढलं, थोड्या वेळाने.

त्याआधी रेकॉर्डिंगचा विषय निघाला. तेव्हाच्या तालुक्याच्या गावातली ही खास सोय. दुकानाच्या पाटीवर ‘रेकॉर्डिंग करून मिळेल’ असं लिहिलेलं असे. गिऱ्हाइकाने वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणून द्यायची, साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची, दोन दिवसांनी भरून न्यायची.

मी : ही तर उघड चोरी.

मामा : चोरीच. लिही. पण त्या यादीवरनं मला माणूस कळायचा. पोरगी बघून आलेला गडी काय भरून नेतोय, नवीन लग्न झालेला काय नेतोय, पोरगं परगावी शिकायला गेलेली आई काय नेती. मी यादीत नसलेलं एखादं गाणं उरलेल्या जागेत टाकून द्यायचो. फुकट. ते आवडलं की माणूस परत यायचा.

मी : तेच आता अॅप करतं. पुढचं गाणं स्वतः निवडून लावतं.

मामा : करतंय की. बरं करतंय. माझ्यापेक्षा त्याला जास्त गाणी माहीत हायत. मला आवडायची तीच मी टाकायचो, निम्म्यांना ती नको असायची. तोंडावर कोण बोलत नव्हतं.

मी या उत्तराला तयार नव्हते. दुकानदाराची पारख यंत्राला येणार नाही, असं त्यांनी म्हणावं आणि मी ते टिपून घ्यावं, अशी माझी आखणी होती.

मामा : तुला वाटतंय डिजिटलनं दुकान मारलं. उलटं हाय. डिजिटलनं माझं दुकान दहा वर्षं जगवलं. एमपीथ्रीची सीडी आली, एका सीडीत शे-दीडशे गाणी. मग चायनाचे मोबाईल आले, मोठ्या आवाजाचे. गडी शेतात नांगरताना वाजवायचा. मेमरी कार्ड भरून द्यायचा धंदा असा चालला की कॅसेटला बी तेवढी गर्दी नव्हती. ‘एक जीबी फुल मारा मामा.’ नवीन पिच्चर, भीमगीत, देवीचं, डीजेचं, आन् त्यात शेतकऱ्याला जुनी लावणी. सगळं फोल्डर करून ठेवलेलं. हा पण चोरीचाच माल. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं. फुकट नेट. दिवाळीपर्यंत दुकानात चिटपाखरू नाय. मारलं ते फुकट डेटानं. गाणं घ्यायला गावात यायचं कारणच राहिलं नाय.

मामी चहा घेऊन आल्या. त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी उभ्याउभ्याच दिलं.

मामी : ह्यांना काय, दुकान गेलं तरी चालतंय. माझा बाबामहाराजांचा हरिपाठ होता कॅसेटमधी. टेप बिघडला, दुरुस्त करायला माणूस नाय. पोरानं ते बटणाचं खोकं आणून दिलं, पाच हजार गाणी म्हणे. आता मोबाईलवर हरिपाठ लावते तर मधीच गुळगुळीत फरशीची जाहिरात. जय जय करत मन लागलेलं असतंय आन् एकदम बाई ओरडती.

मी : पैसे भरले की जाहिरात जाते, मामी.

मामी : हरिपाठाला महिन्याचे पैसे?

या प्रश्नावर मी आणि मामा दोघंही एका बाजूला आलो, तेवढ्यापुरते. मामींचं ‘बटणाचं खोकं’ म्हणजे सारेगामा कंपनीने 2017 मध्ये काढलेलं कारवां. जुन्या एचएमव्हीच्याच भांडारातली पाच हजार गाणी त्यात भरलेली. ज्या पिढीला अॅप जमत नाही तिच्यासाठी कंपनीने केलेली ही हुशार विक्री. त्यात काय असावं हे मात्र कंपनीने ठरवलेलं. भांडार तिचं, तिने तिचंच दिलं.

आता मूळ गोष्टीकडे येते. मामांच्या माळ्यावर कॅसेटच्या खोक्यांची एक रांग आहे. न खपलेला सिनेमाचा माल असेल म्हणून मी एक कॅसेट काढून लावली. नव्वदीतल्या एका हिंदी चित्रपटाचं जॅकेट, नट-नटी छत्रीखाली. लावल्यावर टाळ ऐकू आले. मग खणखणीत आवाजात एक माणूस मंडळाचं नाव, मुक्काम पोस्ट, तालुका बार्शी, आणि पेटी कोण, मृदंग कोण, चाल कोण धरतंय हे सांगतो. आणि काकडा सुरू होतो.

मामा : लोक कोरी कॅसेट कशाला घेतील? ती महाग. माझ्याकडची न खपलेली सिनेमाची निम्म्या दरात न्यायचे. कडेची खाच मोडलेली असती, तिच्यावर चिकटपट्टी लावली की परत भरता येतंय. गावात सप्ता बसला, काकडा लागला, भारूड झालं की भरायचे आन् मला आणून द्यायचे, मामा ह्याच्या पाच कॉप्या मारा. कॉप्या मारल्या की मूळची माझ्याकडंच राहायची. वैराग, पांगरी, उपळे, आगळगाव, पानगाव... सगळी गावं हायत वर.

मी : आणि तुम्ही हे आत्ता सांगताय?

मामा : तू आजवर रेकॉर्डीचंच विचारत होतीस.

मला या सगळ्या वादातून जे म्हणायचं आहे ते एवढंच. तबकडीची काळजी करणारे पुष्कळ आहेत. मुंबईत सुरेश चांदवणकरांनी 1990 मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी केली, नियतकालिक चालवलं. संग्राहकांनी आपापल्या तबकड्या इंटरनेटवर चढवल्या, इतक्या की गौहर जान आज कुणालाही फुकट ऐकता येते. एचएमव्हीचं भांडार एचएमव्हीच्या वारसदाराकडे शाबूत आहे, कारण त्यात पैसा आहे. डिजिटल युगात नाहीसं होतंय ते या दोन्हींच्या मधलं: चार वर्षांत बुडालेल्या कॅसेट कंपन्यांचा माल आणि चिकटपट्टी लावून भरलेला काकडा. त्याला संग्राहक नाही, कारण कॅसेट दिसायला देखणी नाही आणि तिला कुणी दोन-तीन हजार देत नाही. त्याला कंपनीही नाही. त्यातून फितीत दर उन्हाळा आणि दर पावसाळा मुरतोय. बार्शीच्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये काय होत असेल ते सांगायला नको. मी इतकी वर्षं चुकीच्या दुकानासाठी हळहळत होते, असं मामांचं मत आहे. मी तितकं टोकाला जाणार नाही. एलपी मी अजून घेते.

मी : हे सगळं संगणकावर घेऊ. टेपचं हेड स्पिरिटने पुसून, एकेक लावून. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतील, त्याला इलाज नाही. मग यूट्यूबवर टाकू. जगभर ऐकतील लोक.

मामा : कुणाचं टाकणार?

मी : म्हणजे?

मामा : माल कुणाचा? तुझा का माझा? इतका वेळ मला चोर म्हणतीस. कायद्यानं ह्याचं काय?

कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या त्यातून केव्हाच मोकळ्या झाल्या. 1985 साली निघालेली कॅसेट 2046 उजाडल्याशिवाय मोकळी होणार नाही. कवीचा आणि संगीतकाराचा हक्क आणखी वेगळा, त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंतचा. गावच्या काकड्यात अभंग संतांचे असले तरी आवाज त्या माणसांचे आहेत. हे मी सांगितल्यावर मामांनी मान डोलावली. त्यांना उत्तर माहीत असावं.

मी : पण थांबलो तर फीत जाईल. तुम्हीच म्हणता, नावं पुसली जातात. ही नावं तरी वाचवू.

मामा : नावं पुसायचं भ्या ह्या लोकांना नाय. ‘तुका म्हणे’ कशाला घातलंय? वामनदादांच्या गाण्यात शेवटाला ‘वामन’ येतोयच. शाहिरांच्या लावणीत येतंय, आराध्याच्या गाण्यात येतंय. लेबल फाटलं, कंपनी बुडाली, अॅपनं काहीबी लिहिलं, तरी गाणाऱ्याला शेवटचं कडवं म्हणायचं म्हटलं की कवीचं नाव घ्यावंच लागतंय. तुझ्या त्या गौहर जानबाईनं गाणं झाल्यावर सांगितलं, आमच्यांनी गाण्यातच बसवून ठेवलं.

मी : शेवटचं कडवं ऐकतंय कोण आता? रीलला तीस सेकंदांचा मुखडा पुरतो. आराधी गाण्याची रिमिक्स लाखो लोक ऐकतात, त्यात नाव असलेलं कडवं कधी येत नाही. तबकडी माणूस कापते म्हणून मघाशी तुम्ही ओरडत होतात, तिने निदान तीन मिनिटं दिली होती.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. वादात मला मिळालेला हा एकच गुण, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते. त्यांनी तोही पूर्ण पदरात पडू दिला नाही.

मामा : तीस सेकंदवाली पोरं कोण हायत माहितीय का? ह्याच कॅसेटवाल्यांची नातवंडं. आज्याचं गाणं मोबाईलवर म्हणत्यात, चॅनल काढलंय, जत्रेत सुपारी घेत्यात. त्यांना कंपनीच्या दारात उभं राहावं लागलं नाय, माझ्या दुकानात माल ठेवा म्हणून हात जोडावे लागले नाय. हे तुला वाईट दिसतंय, मला नाय दिसत.

मी : त्यांना आजोबांचं अख्खं गाणं हवं असेल तर?

मामा : तेच म्हणतोय. त्यांना विचार आधी. जगभर नंतर.

मग त्यांनी मोबाईलमध्ये नावं शोधायला घेतली. काही नंबर लागत नव्हते, काही माणसं राहिली नव्हती. एकाच्या सुनेने फोन उचलला आणि सासरे शेतात आहेत, संध्याकाळी करा, असं सांगितलं. काकड्याच्या त्या कॅसेटवर पेटी वाजवणारा माणूस वैरागला आहे, धडधाकट आहे, असं तिसऱ्याच कुणाकडून कळलं.

मी : रविवारी जाऊ या. मी पुण्याहून डेक घेऊन येते. त्यांनी हो म्हटलं की तिथेच उतरवून घेऊ.

मामा : आन् नाय म्हणाला तर?

मी : तर?

मामा : तर कॅसेट त्याच्या हातात देऊन यायचं. फक्त आधी फोन करून विचार, त्याच्याकडं टेप हाय का. नसंल तर माळ्यावरचा एक जुना बघतो, बेल्ट तेवढा घालावा लागंल. येताना पुण्यातनं बेल्ट आण. दोन आण, एक मामीच्या टेपाला.